जुन्या बांधापलीकडचं मैदान

मोजणीला आलेला माणूस कोणालाच आवडत नाही. शेजाऱ्याला तर नाहीच, पण ज्याने अर्ज केला त्यालाही नाही, कारण त्याच्या मनात जमीन जेवढी असते तेवढी ती साखळीखाली क्वचितच भरते. सरकारी भूमापक म्हणून मी तीस वर्षं जमिनी मोजल्या आणि त्यातली बरीच वर्षं मीरा-भाईंदरच्या बाजूला गेली. या काळात मला चहा पुष्कळ मिळाला, दोनदा अंगावर कुत्री सोडली गेली आणि एका आजोबांनी माझं मोजणीचं टेबल उचलून सरळ विहिरीत टाकलं. टेबल वर काढायला मदतही त्यांनीच केली. राग माझ्यावर नव्हता, भावावर होता.

लोकांना वाटतं, जमीन कोणाची हे भूमापक ठरवतो. तसं नसतं. आमच्याकडे प्रत्येक शेताचं जुनं टिपण असतं, म्हणजे कोणे एके काळी कोणीतरी घेतलेली मापं आणि खुणा. ते घेऊन जागेवर जायचं, तीन पायांचं टेबल मांडायचं, साखळी किंवा टेप ताणून अंतरं घ्यायची आणि कागदावरची जुनी रेष आज जमिनीवर कुठे येते ते शोधून तिथे दगड रोवायचा. मग नकाशा काढायचा आणि आज त्या जागेवर प्रत्यक्षात काय आहे तेही त्यावर लिहायचं: भात, मीठ, घर, रस्ता. या शेवटच्या कामाला आम्ही फारसं महत्त्व देत नसू. रेष चुकली तर बोलणी बसत. शब्दाकडे कोण बघतो, असं मलाही वाटायचं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मी गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला राहायला आलो होतो. तिकडे रोज नवी इमारत उभी राहत होती आणि प्रत्येक इमारतीला शेजारी होता, त्यामुळे आम्हाला कामाची कमतरता नव्हती. एकदा दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी कंपाउंडच्या भिंतीवरून हमरीतुमरीवर आले होते. प्रत्येकाने स्वतःची टेप आणली होती आणि दोन टेपांची मापं जुळत नव्हती. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की एका टेपचं पहिलं टोकच तुटलेलं होतं. ते गृहस्थ त्या टेपने पूर्ण फ्लॅट मोजून घेऊन बसले होते. त्यांचा चेहरा पाहून दुसऱ्या सेक्रेटरीने भांडण तिथेच सोडून दिलं.

पण मला सांगायचंय ते भाईंदरजवळच्या राई गावातल्या एका मोजणीबद्दल. त्या एका जागेवर मी दोनदा गेलो. पहिल्यांदा केलेली चूक दुसऱ्यांदा अर्धीच दुरुस्त करता आली.

अर्ज दामोदर पाटील या माणसाचा होता. वडील वारले होते, दोन भावांत वाटणी व्हायची होती आणि खाडीकडचं शेत मोजून हवं होतं. वाटणीत ते शेत दामोदरच्या वाट्याला यायचं होतं आणि तो ते बिल्डरला विकणार होता. मी आणि माझा शिपाई शांताराम सकाळी टेबल, टेप, झेंड्या घेऊन पोचलो, तर त्या शेतात बावीस माणसं फुटबॉल खेळत होती.

बांधावर पन्नाशीचा, काळासावळा, गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस उभा होता. हा दामोदरचा थोरला भाऊ बळीराम, खाडीकाठ स्पोर्ट्स क्लबचा सेक्रेटरी. त्याने मला नमस्कार केला.

"साहेब, मॅच चालू हाय."

"नोटीस मिळाली होती ना तुम्हाला?"

"मिळाली. पन मॅच आदी ठरलेली व्हती."

"कामाच्या दिवशी? सकाळी दहाला?"

"आमची टीम कवा बी खेळते," तो म्हणाला. "नव्वद मिंटं बसा. च्या सांगतो."

डाव उघड होता. पण बावीस माणसांतून टेप ताणता येत नाही आणि पोलीस बोलवायची मला हौस नव्हती. मी बांधावर बसलो. माझ्या पलीकडे अर्जदार दामोदर इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत नव्हते.

चहा आला आणि बळीरामने मला मैदानाची हकीकत सांगितली. पूर्वी तिथे भात व्हायचं. एका पावसाळ्यात खाडीचा बांध फुटला, खारं पाणी आत घुसलं आणि शेत पांढरं पडलं. खाऱ्या जमिनीत भात धरत नाही. पुढचे पावसाळे ते मीठ धुऊन नेतील तेव्हाच. ऊन लागून जमीन मात्र फरशीसारखी टणक आणि सपाट झाली. शेजारच्या डोंगरी गावातल्या शाळेत शिकवणारे पीटर मास्तर सायकलवरून राईत यायचे. त्यांनी एक दिवस बॉल आणला. गोलाचे खांब म्हणून होडीची जुनी वल्ही रोवली, मागे मासेमारीचं फाटकं जाळं बांधलं. बळीरामचे वडील हिराजी पाटील शेत बघायला आले, तेव्हा निम्मा गाव त्यांच्या जमिनीवर धावत होता.

"बापूस काय बोलला म्हाईत हाय?" बळीराम म्हणाला. "बोलला, भात न्हाय तं न्हाय, पोरं तरी पिकू दे. अडीच-तीन वर्सांनी मीठ निंगालं तरी नांगर घातला न्हाय त्याने."

सरकारने पुढे नवा बांध घातला तो जरा खाडीकडे सरकवून घातला. जुन्या बांधाचा उरलेला उंचवटा क्लबच्या पोरांनी फावड्यांनी सपाट केला आणि मैदान तेवढं लांबवलं. नव्या बांधाखालून मोठ्या भरतीला पाणी पाझरायचं, खाडीकडचा गोल चिखलात जायचा; म्हणून क्लब मॅच ठरवताना आधी पंचांग बघायचा. पौर्णिमा-अमावास्येला मॅच नाही. मुंबईची एखादी तगडी टीम यायची असली, की नेमकी पौर्णिमा धरायची, हेही त्याने हसून सांगितलं. बुटांतले पाहुणे घसरायचे आणि हे अनवाणी पळायचे. बॉल बांध ओलांडून खाडीत गेला तर डॉमनिक नावाचा कोळी होडी घेऊन तयार असायचा. त्याचं नाव टीमच्या यादीत बारावा खेळाडू म्हणून लिहायचे.

नव्वद मिनिटं झाली. शून्य-शून्य. बळीरामने शिट्टी वाजवली आणि म्हणाला, "एक्स्ट्रा टाइम."

"बळीरामभाऊ, ही टुर्नामेंट आहे का?"

"फायनल हाय."

एक्स्ट्रा टाइम संपला. मग पेनल्टी. मी घड्याळ बघत होतो, शांताराम सावलीत झोपला होता. पेनल्टी घ्यायला माणूस पुढे आला आणि गोलकीपर रेषेवर नुसता उभा राहिला, तेव्हा इतका वेळ गप्प असलेला दामोदर एकदम ओरडला, "अरे, हात वर घे. डावीकडं मारनार तो."

बॉल डावीकडे गेला. गोलकीपरने अडवला. सगळे वळून दामोदरकडे बघायला लागले. तो मान खाली घालून शर्टाची बाही नीट करू लागला.

"आठ वर्सं गोलात हाच व्हता," बळीराम मला म्हणाला, आणि शिट्टी खिशात टाकली. "करा तुमची मोजनी."

मोजणी करताना जे निघालं, ते दोन्ही भावांना माहीत नसावं किंवा माहीत असून कोणी बोललेलं नसावं. टिपणाप्रमाणे हिराजी पाटलांचं शेत जुन्या बांधापाशी संपत होतं. जुना बांध आणि नवा बांध यांच्यामधली पट्टी सरकारी होती. म्हणजे मैदानाचा गावाकडचा दोन-तृतीयांश भाग पाटलांचा आणि खाडीकडचा एक-तृतीयांश कोणाचाच नाही, अर्थात सरकारचा. मी खाडीकडच्या गोलापासून पेनल्टीच्या जागेच्याही बरंच पुढे झेंडी लावली आणि म्हटलं, "हद्द इथे येते."

त्यानंतर तासाभरात माझ्याकडे दोन माणसं येऊन गेली. आधी बळीराम.

"साहेब, ही झेंडी तीस पावलं गावाकडं न्या. तेवढी जागा ऱ्हायली तं आमी कसातरी खेळू."

"कागदात तसं नाही, बळीरामभाऊ."

"कागद कोन बघतो?"

"मीच बघतो. त्याचा पगार घेतो."

मग बिल्डरचा माणूस आला. गोड बोलणारा, पांढऱ्या शर्टातला. "सर, तुम्ही मीरा रोडलाच राहताय ना? भाड्याने? आमचा सॅम्पल फ्लॅट एकदा बघून जा. आणि ही लाइन नव्या बांधापर्यंत घ्या ना, मधे कोण येतंय? रिकामी पट्टी तर आहे."

 शांतारामला सांगून झेंडीच्या जागी दगड रोवून घेतला. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंचं माझ्याबद्दलचं मत एकच झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमान वाटत होता.

त्या अभिमानातच पुढची चूक झाली. मी कागद आवरत होतो तेव्हा बळीराम परत आला. आता तो वाद घालायला आला नव्हता.

"त्या सरकारी पट्टीवर काय लिवनार तुमी?"

"काय लिहिणार, मोकळी आहे. पड."

"पड कशी? गोल दिसत न्हाय तुमाला? फुटबॉलचा मैदान हाय असं लिवा की."

लिहिता आलं असतं. नियम आड येत नव्हता. प्रत्यक्षात जे आहे ते लिहायचं, हाच नियम होता, आणि गोल माझ्यापासून दहा पावलांवर होता. पण मी दोन तास उन्हात ताटकळलो होतो. ज्या माणसाने मला ताटकळत ठेवलं आणि वर झेंडी सरकवायला सांगितली, त्याच्या सांगण्यावरून एक शब्दही लिहायचा नाही, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. "मैदान वगैरे असे शब्द नकाशात नसतात," मी म्हटलं, आणि 'पड' लिहिलं. आमच्या भाषेत पड म्हणजे पडीक, जिचा कोणी वापर करत नाही अशी जमीन.

वर्षभरात शेत विकलं गेलं. दगडापासून गावाकडे पत्र्याचं कुंपण आलं आणि मग चार मजली इमारत. दामोदर तिथेच तळमजल्यावर राहायला गेला. भावाभावांचं बोलणं संपलं. क्लबची टीम फुटली, निम्मे दुसऱ्या मैदानांवर जायला लागले. उरलेले त्या पट्टीवर काहीतरी खेळत राहिले. हे सगळं मला शांतारामकडून कळायचं, कारण त्याची बहीण राईत दिली होती. मी ऐकायचो आणि दुसरी फाइल उघडायचो.

चार-पाच वर्षांनी बळीराम माझ्या घरी आला. पत्ता शांतारामकडून घेतला असणार. केस पांढरे झाले होते. त्याने पिशवीतून एक झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. माझा नकाशा, माझी सही.

बिल्डरने ती सरकारी पट्टी इमारतीच्या बागेसाठी आणि पार्किंगसाठी मागितली होती. जागा वर्षानुवर्षं पडीक आहे, कोणी वापरत नाही, हा त्याचा मुद्दा. पुरावा म्हणून माझा नकाशा जोडला होता. गावाने हरकत घेतली होती, पण कागदावर एकच शब्द होता आणि तो माझ्या हाताचा होता.

"पुढल्या मंगळवारी सुनावनी हाय," बळीराम म्हणाला. "मी भांडायला न्हाय आलो. तुमी त्या दिवशी बगितला व्हता मैदान. तेवढं येऊन बोला."

माझ्या पत्नीने चहा आणला. तिने बळीराम गेल्यावर विचारलं, "खरंच मैदान होतं?"

"होतं."

"मग जा की."

ऑफिसात वरिष्ठांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "स्वतःच्याच नकाशाविरुद्ध बोलणार? एका मोजणीवर शंका आली की सगळ्यांवर येते. तुमच्या नावावर शेकडो नकाशे आहेत." ते चुकीचं बोलत नव्हते. आमच्या धंद्यात माणसाची किंमत एवढीच असते की त्याची रेष परत मोजावी लागत नाही. मी तीन रात्री धड झोपलो नाही. मंगळवारी रजा टाकून गेलो.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई शांत आणि कामाला वाघ होत्या. त्यांनी नकाशा माझ्यासमोर धरला.

"सही तुमची?"

"हो."

"हद्द बरोबर आहे?"

"हद्द बरोबर आहे. पण पट्टीवर पड लिहिलंय ते चूक आहे. त्या दिवशी तिथे गोलाचे खांब होते, मॅच चालू होती. मी स्वतः बसून बघितली."

"मग लिहिलं का नाही?"

मी घरून तीन-चार उत्तरं तयार करून आणली होती.  "रागात होतो," मी म्हटलं.

बिल्डरचा वकील हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. मग त्यांनी विचारलं, लगतच्या जागेचे पूर्वीचे मालक कोण? त्यांचं म्हणणं लागेल.

दामोदर शेवटच्या बाकावर बसला होता. त्याला बिल्डरच्या गाडीने आणलं होतं, हे मी आणि बळीराम दोघांनी पाहिलं होतं. बळीरामने खिडकीकडे तोंड फिरवलं. दामोदर उठून पुढे आला आणि त्याने टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकवले.

"ती जागा पडीक होती का?" बाईंनी विचारलं.

 वकील म्हणाला, "दामूशेठ, सांगा ना."

"न्हाय," दामोदर म्हणाला. "तिकडं गोल व्हता. मी आठ वर्सं त्याच गोलात उभा व्हतो. गुडघे तिथंच फुटलेत माझे." आणि पुढे म्हणाला, "माझं शेत व्हतं ते मी विकलं. हे माझं न्हाय. ते विकू नका."

परतीला त्याला गाडी मिळाली नाही. तो एसटीच्या स्टॉपवर एकटा उभा होता. बळीराम समोरच्या बाजूला रिक्षासाठी उभा होता. दोघांतलं कोणीच रस्ता ओलांडून गेलं नाही.

निकाल दोन महिन्यांनी लागला. पट्टी कोणाला द्यायची नाही, पुन्हा मोजून खेळाचं मैदान म्हणून नोंद करायची. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि माझी बढती दोन वर्षं लांबली. पुन्हा मोजणीचं काम मलाच दिलं. ती शिक्षा होती की आणखी काही, मी विचारलं नाही.

शांताराम तेव्हा रिटायर झाला होता आणि नवा शिपाई आजारी पडला. टेपची टोकं धरायला माणसं अर्जदाराने द्यायची असतात, म्हणजे क्लबने. पण वार कामाचा होता, टीमची पोरं नोकरीवर गेलेली. मैदानावर एकटा बळीराम. त्याने एक टोक धरलं. दुसरं धरायला कोणी नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं तर इमारतीच्या गेटपाशी दामोदर उभा होता, लुंगी आणि गंजिफ्रॉकवर. मी मुद्दाम हाक मारली असं आज लिहायला बरं वाटेल, पण खरं म्हणजे दुसरं कोणी नजरेत नव्हतं.

"दामोदर, जरा टोक धरता का?"

तो आला. माझ्या हातातून टेपचं टोक घेतलं आणि बांधाच्या बाजूने चालत गेला. दुसऱ्या टोकाला बळीराम. मधे एकशे ऐंशी फूट टेप, आणि ती मधोमध गवतात लोळत होती. सैल टेपचं माप धरता येत नाही. ताणायची तर एकाने सांगावं लागतं आणि दुसऱ्याने ऐकावं लागतं. मी मधे टेबलापाशी वाट बघत उभा. दोघे आपापलं टोक धरून उभे. वारा खाडीकडून येत होता.

शेवटी दामोदरच्या टोकाकडून आवाज आला. "दादूस, ताण जरा."

बळीरामने टेप ताणली. "बस?"

"थोडी अजून. हां. धर."

मी माप घेतलं. मग रुंदी घेतली, मग तिरकी मापं. काम झाल्यावर दोघे टेबलाशी आले. बळीरामने कागदावर वाकून विचारलं, "किती भरला?"

"लांबी एकशे ऐंशी फूट, रुंदी एकशे वीस. अकराची टीम यात बसणार नाही, बळीरामभाऊ."

"किती बसतील?"

"सात-सात."

तो मैदानाकडे बघत राहिला. त्या जागेवर त्याने अकरा-अकरा माणसं वीस वर्षं पळताना पाहिली होती. त्याला काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही.

"गोल आता बांधाला आडवे लावाया लागतील," दामोदर म्हणाला. "एक देवळाकडं, एक जेट्टीकडं."

"जेट्टीकडं सकाळी ऊन डोळ्यांवर येतं."

"मंग हाफ टायमाला बाजू बदलतातच की."

"तरी पन. गोलकीपरला काय दिसनार?"

"ते मला नको सांगू."

मी नकाशावर खेळाचं मैदान असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. गोल दाखवायचे तर जागा त्यांनी ठरवायला हवी होती, आणि ते काही ठरत नव्हतं. पेन्सिल हातात धरून मी उन्हात उभा राहिलो. मला कसलीच घाई नव्हती.